सौम्याची रजा आणि थंड खोलीतला सर्व्हर

खडेबाजारातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सुहासरावांची घरांचे नकाशे काढून देणारी कचेरी आहे. तिथल्या सौम्याने अकरा वर्षांत बाराव्यांदा चार दिवसांची रजा मागितली, आणि त्यामुळे सर्व्हर बसवायचं ठरलं. तिचा धाकटा भाऊ रवळू जांबोटीत नव्या घराची वास्तुशांत करणार होता. पण कुठला नकाशा कुठल्या कॉम्प्युटरात, हे एकट्या सौम्यालाच ठाऊक.

"तू गेलीस की कचेरी आंधळी होते गं," सुहासराव कळवळून म्हणाले. "सर्व्हर बसवून सगळं एका जागी आणू. मग खुशाल जा."

सौम्या हरखली. तिने लगेच भावाला फोन करून टाकला.

नियोजन समिती नेमली गेली. तीत सुहासराव, जुने ड्राफ्ट्समन मारुतीराव आणि सल्लागार केयूर. चार कॉम्प्युटरांसाठी केयूरने चाळीस पानी अहवाल दिला. त्यात 'संभाव्य धोके' या सदराखाली पाणी, धूळ, उंदीर आणि सौम्या अशी नोंद होती. सर्व्हरला थंड, हवेशीर खोली लागते, असंही त्यात होतं. तशी खोली एकच होती आणि तीत सौम्या बसायची. तिचं टेबल जिन्याजवळ, चपलांच्या रॅकशेजारी आलं.

"अण्णा, हितं वारंच लागत न्हाय," ती सुहासरावांना म्हणाली.

"थोडे दिवस गं. मग जांबोटीचं वारं खायचंच आहे तुला."

सर्व्हर आला. पूजेच्या नारळाचं पाणी आत उडू नये म्हणून नारळ खोलीबाहेर, म्हणजे सौम्याच्या टेबलावर फोडला.

मग प्रश्न आला फोल्डरांच्या नावांचा. मारुतीराव म्हणाले, नावं मराठीतच. सुहासराव म्हणाले, निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. केयूरला इंग्रजी हवी होती, तर त्यावर दोघेही एकदम खवळले. तीन बैठका चहात बुडाल्या. शेवटी कुणाचीच भावना दुखावू नये म्हणून नावंच काढून टाकली आणि एक ते सहाशे बारा असे निव्वळ नंबर दिले. त्या कचेरीत एकमताने सुटलेला हा पहिलाच प्रश्न. त्या आनंदात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पिरनवाडीहून नागोजी आला आणि आपला नकाशा मागू लागला. समिती सर्व्हरकडे बघत राहिली.

"तीनशे चार," जिन्याजवळून सौम्या म्हणाली. फाईली तिनेच भरल्या होत्या.

लगोलग ठराव झाला की सौम्याने कुठल्या नंबरात काय, ते एका वहीत लिहावं. वही सर्व्हरमध्ये ठेवावी, असं केयूरने सुचवलं. "आणि ती कितव्या नंबरात हाय, ते कुठं बघायचं रं?" मारुतीरावांनी विचारलं. केयूरने सूचना मागे घेतली. वही सौम्याच्या ड्रॉवरमध्ये गेली. सुरक्षिततेच्या नियमाप्रमाणे तिची दुसरी प्रत काढायला बंदी झाली.

वास्तुशांतीला दोन दिवस उरले तेव्हा सौम्याने तेरावा अर्ज ठेवला.

"आता कसं सोडू गं?" सुहासराव खरोखर दुखावले. "आधी निदान चार कॉम्प्युटर उघडून शोधता यायचं. आता तू गेलीस तर सर्व्हरही आंधळा."

"वही ठिऊन जाते की, अण्णा."

"कुणाच्या हातात?"

एकमेकांच्या हातात ती द्यायला तिघेही तयार नव्हते, म्हणून रजा नामंजूर झाली. एकमताने सुटलेला हा दुसरा प्रश्न.

रवळूचा फोन आला. "आक्का, येतीस न्हवं?"

"न्हाय जमत रं. फोटो पाठीव."

फोन ठेवून तिने एकशे अठरा नंबर उघडला. त्यासाठी तिला वही लागली नाही. भावाच्या घराचा नकाशा तिनेच काढला होता. नकाशातल्या नकाशातच ती सोप्यातून स्वयंपाकघरात गेली, मग परसदारी, आणि तिथे बराच वेळ थांबली. तिला फार वाईट वाटलं.

कचेरीचा पत्ता विचारू नका. तुमच्याही कचेरीत जिन्याजवळ कुणीतरी बसतं. "तुझ्यावाचून आमचं पान हलत नाही" असं तुम्ही मागच्याच आठवड्यात तिला कौतुकाने म्हणालात, तेव्हा तिच्या हातात कसला कागद होता, एवढं फक्त आठवून बघा.