चार बोटं पुढे आलेली भिंत

"पोरी, हे घर नळ येते त्या दिवशी पाह्यजो," असं शेजारच्या इंदूबाईंनी गेटवरून सांगितलं होतं, आणि सुरभी नुसती हसली होती. यवतमाळात नळ आठ दिवसांनी येतात हे तिला ठाऊक होतं. पण जुनी घरं घेऊन, नटवून विकणाऱ्या जीवनभाऊंनी अंगणातला बोअर दाखवला, बटण दाबून धो धो पाणी दाखवलं. "आमच्याकडे बोअर आहे ना, आजी," ती म्हणाली आणि नव्या रंगाच्या वासात आत गेली.

दोन महिन्यांनी त्या घरात मारोतराव आले.

"या जिल्ह्यात पाहणारे डोळे दोनच," दारात चपला काढता काढता ते म्हणाले, "आणि दोन्ही माझ्याकडे आहेत."

मारोतराव म्हणजे सुरभीच्या नवऱ्याचे, गोपालचे मामा. एकतीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस. माणूस विनातिकीट आहे हे आपण त्याच्या मानेवरून ओळखतो, असा त्यांचा दावा. निवृत्तीनंतर ते गुप्तहेर झाले होते, आणि ही गोष्ट गुप्त राहावी म्हणून त्यांनी ती सगळ्या नातेवाइकांना एकेकाला बाजूला घेऊन सांगितली होती.

प्रकरण दहा महिन्यांच्या नयनच्या खोलीतलं. तिथली एक भिंत लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मढवलेली. ती मधूनच खालून ओली होई, फरशीवर ओघळ येई, आणि मग चार दिवस नयन खोकत राही. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतं, "घरात ओल असेल तर शोधा, नाहीतर बाळाला तिथून हलवा." हलवायचं कुठे? दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. गोपाल वणीला खाणीवर, दर शनिवारी येणार. साठवलेलं सगळं या घरात गेलेलं. सुरभी दर खोकल्याला दचकायची आणि भिंत ओली झाली की कॅलेंडरवर टिंब द्यायची.

मारोतरावांनी खिशातून तिकिटं टोचायचा कंडक्टरचा जुना चिमटा काढला, भिंतीवर टकटक केलं, कान लावला.

"आतून पोकळ आहे."

"पट्ट्या आहेत ना, मामाजी."

"तेच म्हणतो. लपायला जागा आहे."

पहिला संशय शेजारच्या धरमसिंगच्या कूलरवर. भिंत सामाईक, कूलर गळका, खटला संपला. धरमसिंगने दार उघडलं.

"मामा, कूलर अजून माळ्यावर हाय. कबुतरानं अंडे देल्ले त्याच्यात."

"कबुतर," मारोतरावांनी वहीत लिहिलं. "साक्षीदार. फितूर होऊ शकतो."

दुसरा संशय नयनवर. "वारंवार ओला होणारा इसम घरातच आहे," ते हळूच म्हणाले.

"ओल तीन फूट वर चढते, मामाजी. तो उभाही राहत नाही."

मारोतरावांनी आरोपीकडे निरखून पाहिलं. आरोपीने चिमटा तोंडात घातला.

मग त्यांना कॅलेंडर दिसलं. चार तारीख, बारा, वीस. त्यांचा आवाज खाली आला. "सूनबाई, मन घट्ट कर. गुन्हेगार ठरावीक दिवसांनी बाहेरगावाहून येतो. असा माणूस या घरात एकच आहे."

"ते सात दिवसांनी येतात. भिंत आठ दिवसांनी ओली होते."

"एसटी लेट होते."

गोपाल केवळ नात्यामुळे सुटला. आता उरल्या इंदूबाई. "तिनं तुला आधी सांगितलं, म्हणजे तिला आधी माहीत होतं. आधी माहीत कोणाला असते? करणाऱ्याले."

"मग त्यांनाच विचारते."

"कायले? संशयिताले विचारलं का तो सावध होते." रंगात आले की मारोतरावांची पुस्तकी भाषा सुटायची. त्यांनी इंदूबाईंवर पाळत ठेवली. तीन दिवस इंदूबाईंच्याच ओट्यावर बसून, इंदूबाईंचाच चहा पिऊन.

चौथ्या दिवशी सकाळी सुरभी नयनला कडेवर घेऊन तिथे उभी होती. बोलता बोलता इंदूबाई थबकल्या आणि त्यांनी पाणी भरायचा पितळी गुंड उचलला. "आले वो नळ."

मारोतराव उठून उभेच राहिले. "तुमचा नळ तं कोरडा आहे अजून. तुम्हाले कसं समजलं?"

"कसं म्हंजे? हिच्या भिंतीतून आवाज येते ना."

नयनला ढास लागली. सुरभी धावतच घरात गेली. भिंतीला हात लावला, गार, ओली.

मागून इंदूबाई आल्या. "इथं मोरी होती आधीच्या घरवाल्याइची. नळ उघडाच ठेवत. पाणी आलं का बादली वाजे, अन् सारी गल्ली भरायले धावे. आपुन समदेच ठेवतो उघडा. ते घर इकून गेल्यावर बंद करनारं मानूस कोन होतं मंग?"

"आधी का नाही सांगितलं, आजी?"

"सांगतलं तं होतं. तू हासली."

सुरभीने नयनला त्यांच्या कडेवर दिलं, स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि पट्टी उचकटली. आत पितळी नळ, सताड उघडा, धारेला लागलेला. बाजूच्या कोनाड्यात कपड्याच्या साबणाची उरलेली चकतीसुद्धा. जीवनभाऊंनी नळ काढायचा त्रास नको म्हणून अख्खी भिंतच चार बोटं पुढे आणली होती, आणि मोरीचं भोक सिमेंटने अर्धवट बुजवलं होतं; निचरून उरलेलं पाणी भिंतीत मुरत होतं.

सुरभीने नळ फिरवला. बंद झाला.

"मी आल्या आल्याच ओळखलं होतं," मारोतराव म्हणाले. "पाणी विनातिकीट होतं."

पलीकडून धरमसिंगचा आवाज आला. "वहिनी, बंद केला काय? आता आमाले नळ आल्याचं समजन कसं?"

पट्ट्या निघाल्या, ऊन लागून भिंत वाळली. तीन आठवड्यांनी नयनचा खोकला गेला. आता तो नुसता ओरडतो.

पण इंदूबाईंनी एक सांगितलं. मागच्या गल्लीत जांभळ्या गेटचं घर आहे, तेही जीवनभाऊंनीच नटवलेलं, तशाच पट्ट्या. सुरभी दोनदा जाऊन आली. चार महिन्यांचं बाळ घेऊन तिथली पोरगी गेटवर आली, सगळं ऐकून गोड हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे बोअर आहे ना, ताई."

ते हसू सुरभीच्या ओळखीचं होतं. तिचं नाही ऐकलं, तुमचं कदाचित ऐकतील. तेव्हा त्या बाजूला गेलात तर नळाच्या दिवशीच जा. समोरच्या ओट्यावर मारोतराव चहा पीत पाळतीवर बसलेले असतील, त्यांना बसू द्या. तुम्ही जांभळ्या गेटातून आत जा. भिंत नंतर बघा, आधी ते बाळ खोकतंय का ते ऐका.