विमेदार साळिंदर आणि अकरा जखमी

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण विमा पोचला होता अशा एका जंगलात, भिवाजी नावाचं साळिंदर राहत होतं.

बाळांनो, भिवाजी स्वभावाने फार गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या पाठीवर काटे होते आणि काट्यांना स्वभाव नसतो. तो कुणाला वाकून नमस्कार करायचा तेव्हा समोरचा वाचायचा आणि मागचा सापडायचा.

त्या जंगलाचा कायदा साधा होता. ज्याने इजा केली, त्याने जखमी बरा होईपर्यंत त्याला खाऊ घालायचं. हा कायदा गवा पाटलांनी केला होता. पाटलांच्या शिंगांकडे पाहिलं की कायदा चटकन समजायचा.

आदल्या वर्षी भिवाजीचा एक काटा धोंडबा रानडुकराच्या नाकाला लागला. नाक चार दिवसांत बरं झालं. धोंडबा मात्र तीन महिने बरा झाला नाही. भिवाजी पहाटे उठून कंद उकरायचा आणि धोंडबा विव्हळत विव्हळत खायचा.

"अजून ठणकतंय रे," तो म्हणायचा. "जेवणाच्या वेळेला तर फारच."

तेव्हापासून भिवाजीने धसका घेतला. सगळे पाणी पिऊन गेले की मग तो पाणवठ्यावर जायचा. वाटेत कुणी दिसलं की झुडपात शिरायचा. लग्नाचं बोलावणं आलं की पोट दुखतंय म्हणून कळवायचा. आपण कुणाशी शेवटचं बोललो तेही त्याला आठवेनासं झालं.

अशात एके दिवशी त्याच्या बिळापाशी एक पांढराशुभ्र बगळा आला. त्याचं नाव श्वेतराव. काखेत भूर्जपत्रांची चळत.

"नमस्कार भिवाजीराव! तुमच्या सेवेला मी सदैव एका पायावर तयार आहे," बगळा म्हणाला. ते खरंच होतं. दुसरा पाय त्याने पोटाशी घेतला होता.

"कसली सेवा?"

"शारीरिक इजा दायित्व विमा."

भिवाजी एक पाऊल मागे सरला. एवढी लांबलचक नावं त्याने फक्त आजारांची ऐकली होती.

"घाबरू नका. सोपं आहे. तुमच्या चुकीने दुसऱ्याच्या शरीराला इजा झाली, तर त्याला खाऊ घालायचं काम आमच्या वनविमा मंडळाचं."

"आणि मला लागलं तर?"

"तुम्हाला लागलं तर तुम्हाला लागलं."

भिवाजीने थोडा विचार केला. "म्हणजे हप्ता मी भरायचा आणि बरा दुसरा व्हायचा?"

"वा! आमच्या साहेबांना हे समजायला दोन वर्षं लागली."

"दुसऱ्याचं मडकं फुटलं तर?"

"मडकं म्हणजे शरीर आहे का? त्याची पॉलिसी वेगळी."

"आणि समजा, मी रागाच्या भरात मुद्दामच टोचलं तर?"

"मुद्दाम टोचणाऱ्याला मंडळ ओळख दाखवत नाही. चूक पाहिजे. शुद्ध, प्रामाणिक चूक!"

मग बगळ्याने मान लांब करून शेवटची ओळ वाचली. एका जखमीमागे पन्नास पाट्या कंदांपर्यंत. एका प्रसंगात जखमी कितीही असोत, सगळ्यांना मिळून शंभर पाट्यांपर्यंत.

एका प्रसंगात इतक्या जणांना टोचायला मी काय बाभळीचं रान आहे, असं म्हणून भिवाजीने पंजा उठवला. हप्ता ठरला दर पौर्णिमेला एक पाटी. श्वेतरावाने भूर्जपत्र त्याच्या हातात ठेवलं, पाय बदलला आणि तो उडून गेला.

त्या दिवशी भिवाजी कित्येक महिन्यांनी भर दुपारी पाणवठ्यावर गेला. त्याच्या आधी बातमी तिथे पोचली होती, कारण श्वेतराव धंद्यातला पक्षी होता. भिवाजीचा काटा लागेल त्याला पन्नास पाट्यांपर्यंत कंद, असं तो पाणवठ्यावर मोठ्याने सांगून गेला होता. त्यातला 'पर्यंत' हा शब्द मात्र कुणालाच ऐकू आला नाही.

"भिवाजी! किती दिवसांनी रे!" धोंडबा ओरडला. "ये, जवळ ये. अजून जवळ. आता जरा पाठ फिरव बघू."

भिवाजीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जे जनावर त्याला पाहून दहा हात लांब पळायचं, ते आज त्याच्या पाठीला टेकायला बघत होतं. त्याला वाटलं, प्रेमच हे.

हळूहळू प्रेम फारच वाढलं. ससे त्याच्या वाटेवर आडवे झोपू लागले. माकडं बरोबर त्याच्या वरच्या फांदीवरून पडू लागली. कोल्हा रोज सकाळी गळाभेटीला येऊ लागला आणि गळाभेट पाठीमागून घेऊ लागला.

पण भिवाजी पडला जपणारा. कुणी अंगाशी आलं की "सांभाळा हं, लागेल!" म्हणत तो टुणकन बाजूला व्हायचा. दोन महिने झाले तरी कुणाला साधा ओरखडा नाही. जंगल नाराज झालं.

"शिष्ट आहे मेला," कोल्हा म्हणाला. "काटे असून द्यायला जिवावर येतं."

मग भेकरांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरा डोंगरापलीकडचा. या वेळी भिवाजीने पोट दुखतंय असं कळवलं नाही. अंग झटकून, सगळे सुटे काटे घरी काढून ठेवून तो लग्नाला गेला. पंगतीत एका कडेला बसावं, दोन घास खावेत, मुलीला आशीर्वाद द्यावा, एवढीच त्याची इच्छा होती.

"कडेला? छे छे!" मुलीचा बाप म्हणाला. "तुम्ही मध्ये!"

भिवाजी मध्ये बसला आणि त्याच्या शेजारच्या पानांसाठी मारामारी सुरू झाली. डाव्या पानावर तीन ससे बसले. उजव्या पानावर कोल्हा आणि दोन माकडं. मागे पान नव्हतंच, तरी तिथे चार जण बसले. धोंडबा उशिरा आला. त्याने सगळीकडे पाहिलं, कुठेच जागा नाही म्हटल्यावर तो लांबून धावत आला आणि अंग झोकून देऊन सगळ्यांच्या वर पडला.

"अहो, सांभाळा! लागेल!" भिवाजी ओरडत उठायला गेला.

पुढचं नीट कुणालाच दिसलं नाही. एकच किंकाळी उठली. एकच म्हणजे बारा जणांची मिळून. त्यातल्या अकरा किंकाळ्यांत आनंद होता. बारावी भिवाजीची होती. ढिगाखाली त्याचा मागचा डावा पाय मोडला होता.

वनविमा मंडळाचे तपासनीस म्हणजे कासवसाहेब. त्यांचं तळं तिथून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून ते आठव्याच दिवशी पोचले. तोवर अकराही जखमींनी काटे अंगातच ठेवले होते. पुरावा होता तो! सगळे काटे एकाच जागी लागले होते, म्हणजे जिथे आपण बसतो तिथे. त्यामुळे आठ दिवस सगळे उभेच होते. भिवाजीचा पाय वैद्याने तात्पुरता वेलीने बांधला होता.

गवा पाटलांनी झाडाखाली सभा बोलावली.

"प्रत्येकी पन्नास पाट्या!" धोंडबा म्हणाला. "अकरा जण. करा हिशोब!"

कासवसाहेबांनी मान बाहेर काढली. "प्रसंग किती?"

"म्हणजे?"

"साळिंदर किती वेळा उठलं?"

"एकदाच," सगळे म्हणाले.

"मग प्रसंग एक. एका प्रसंगाच्या शंभर पाट्या. अकरात वाटल्या तर प्रत्येकी नऊ. एक उरते, ती कार्यालयीन खर्चाला." साहेबांनी मान आत घेतली.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू भिवाजीकडे वळल्या.

"प्रत्येकी बाकीच्या एक्केचाळीस पाट्या याने भरायच्या," कोल्हा म्हणाला. "कायदाच आहे. ज्याने इजा केली, त्याने खाऊ घालायचं."

पाटलांनी जड मनाने शिंगं हलवली. कायदा तसाच होता.

अकरा जणांना, प्रत्येकी एक्केचाळीस. एका धोंडबापायी तीन महिने गेले होते, इथे जन्म गेला असता. आणि तोही तीन पायांवर. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. दोन महिने याच तोंडांना तो प्रेम समजत होता. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती लाज.

त्याने दबकत विचारलं, "साहेब, एक शंका आहे. माझा पाय मोडला, त्याचं काय?"

"तुमच्या पॉलिसीत तुमचा पाय नाही," आतून आवाज आला.

"ते ठाऊक आहे मला. श्वेतरावांनी सांगितलं होतं. माझ्या पॉलिसीत दुसऱ्याचं शरीर. मग माझं शरीर दुसऱ्याच्या पॉलिसीत असेल ना? ज्याने मोडला त्याच्या?"

कासवसाहेबांची मान पुन्हा बाहेर आली. या वेळी जरा लवकर आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा समजूतदार विमेदार त्यांना भेटला नव्हता.

"बरोबर! ज्याच्या चुकीने मोडला, त्याची जबाबदारी. विमा असेल तर मंडळ देईल. नसेल तर त्याने स्वतः, पाय जुळेपर्यंत." साहेबांनी लेखणी काढली. "साळिंदराच्या अंगावर कोण कोण पडलं होतं?"

अकराही जण एकेक पाऊल मागे सरकले.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "ज्याला काटा लागला, तो अंगावर पडला होता. ज्याला लागला नाही, तो नव्हता. क्लेम करणाऱ्यांनी पुढे या. दोन्ही याद्या एकदमच होतील."

बाळांनो, त्या सभेत त्या दिवशी फार मोठा चमत्कार झाला. अकरा जखमी औषधाशिवाय बरे झाले.

"मला कुठे लागलंय?" पहिला ससा म्हणाला.

"मी तर पंगतीला बसलोच नव्हतो," कोल्हा म्हणाला. "माझा उपास होता."

"आम्ही पडलोच नाही," माकडं म्हणाली. "माकडं कधी पडतात का?"

डोंगरापलीकडचा नवरा पुढे आला. त्याच्याही मागे एक काटा डुलत होता. "मी त्या लग्नाला नव्हतो," तो म्हणाला. नवरीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो संसार पुढे कसा झाला असेल ते मी तुम्हाला आज सांगत नाही.

उरला धोंडबा. त्याच्या पार्श्वभागात तीन काटे उभे होते, लांबून दिसत होते.

"आणि हे?" पाटलांनी विचारलं.

"हे माझेच आहेत," धोंडबा म्हणाला. "जन्मापासून. आमच्या आजोळी असतात."

कासवसाहेबांनी लिहिलं : जखमी शून्य, प्रसंग शून्य, देणे शून्य. पाय मोडणारा अज्ञात. मग ते तळ्याकडे निघाले. त्यांना आठ दिवसांचा प्रवास भत्ता मिळायचा होता.

मुंगूस वैद्याने भिवाजीला आपल्या घरी नेलं. नीट बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि पालापाचोळ्याच्या बिछान्यावर झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात एकेक जण येऊ लागला. सगळे उभेच.

"काय झालं?" वैद्य विचारायचा.

"झुडपात पडलो," ससा म्हणाला.

"झुडपात बसलो," कोल्हा म्हणाला.

वैद्य काटा उपटायचा, किंकाळी थांबली की तो निरखून पाहायचा आणि भिवाजीच्या बिछान्यापाशी ठेवायचा. आपला काटा आपल्याला ओळखू येतोच.

शेवटी धोंडबा आला. त्याने भिवाजीला पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

"झुडपात पडला असाल," भिवाजी म्हणाला.

"हो," धोंडबा पुटपुटला.

"फार वाईट झुडूप आहे ते. अंधारात दिसत नाही."

"फार वाईट," धोंडबा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "तसं वाईट नाही रे. बिचारं एका जागी उभं असतं. आपणच जाऊन पडतो."

तिसऱ्या दिवशी श्वेतराव बगळा हजर झाला. खूप घाईत होता. अकरा नवीन पॉलिसी विकून आला होता. आपणही कुणाचा पाय मोडू शकतो, हे जंगलाला पहिल्यांदाच कळलं होतं.

"भिवाजीराव, तुमचा हप्ता आता दोन पाट्या."

"पण मंडळाने एक कंदही दिला नाही!"

"दिला नाही, पण फाईल उघडली. उघडलेली फाईल मिटायला खर्च येतो."

"आणि माझ्या पायासाठी काही निघतं का?"

"निघतं की! स्वतःच्या इजेची वेगळी पॉलिसी असते. फक्त मोडायच्या आधी कळवायला हवं होतं." श्वेतरावाने पाय बदलला. "दुसरा पाय शाबूत आहे ना? त्याची करून ठेवू."

भिवाजीने नको म्हटलं. त्याला एकट्यालाच बसायचं होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्या उशाशी एक पाटी कंद दिसू लागले. ताजे, मातीसकट, नाकाने उकरलेले. एके दिवशी भिवाजीने मुद्दाम डोळे मिटून ठेवले आणि धोंडबाला पाटी ठेवताना पकडलं.

"हे काय?"

धोंडबा दचकला. "मी नाही आणले. रस्त्यात सांडले होते."

"रोज सांडतात?"

"रोज. कोण बेफिकीर आहे कुणास ठाऊक."

पाय जुळायला तीन महिने लागले. खरं तर दीड महिन्यातच जुळला होता. पण कंद गोड होते आणि अधूनमधून भिवाजीला ठणकायचं, जेवणाच्या वेळेला तर फारच.

तात्पर्य : बाळांनो, दुसऱ्याला दुखवणं वाईटच. पण दुखवायचंच झालं, तर सगळ्यांना एका दिवशी दुखवू नये. रोज एकेकाला दुखवावं, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण भरपाई मिळते.