मास्तरांची शोकसभा

गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. "सभा कशी भरवायची हे मला कुणी शिकवू नये!" असं ते घरी बायकोलासुद्धा सुनावायचे.

मंडळात सभासद नऊ, पण माश्या बांधणारे एकटे शिंपीमास्तर. माश्या म्हणजे खोट्या हो! गळाच्या आकड्याला पीस आणि दोरा गुंडाळून केलेल्या, माशाला खरा किडा वाटाव्यात अशा. वीस वर्षं सगळे मास्तरांच्या माश्यांवर मासे धरत होते आणि फुशारक्या मात्र स्वतःच्या मारत होते.

मास्तर दोन महिने हॉस्पिटलात होते. शनिवारी दुपारी सेक्रेटरींनी फोन लावला.

"अकरा नंबरच्या कॉटवरचे आमचे मास्तर कसे आहेत?"

"ते? ते सकाळीच गेले," नर्स म्हणाली.

सेक्रेटरींनी फोन ठेवून दिला. नर्स पुढे काहीतरी सांगत होती, पण ऐकायला शुद्ध कुणाला!

"आधी वहिनींना भेटून येऊ या का?" बातमी कळताच मंडळातल्या डेंटिस्टनं विचारलं.

"छे! शोकाची वेळ आहे, लगेच त्रास नको. उद्या दहाला सभा, मग सगळे मिळून जाऊ. आणि भाषणं नकोत. प्रत्येकानं मास्तरांच्या आठवणीत एक माशी बांधायची!"

रविवारी मंडळाच्या खोलीत टेबलावर मास्तरांचा फोटो, त्याच्यापुढे दोरे, पिसं, आकडे. आठ प्रौढ माणसं माना खाली घालून झटत होती. पोस्टमनची माशी चिरडलेल्या झुरळासारखी झाली. डेंटिस्टच्या माशीकडे तर डेंटिस्टलाच बघवेना. मग दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. पहिलं मिनिट संपतंय तोच "आई गं!" म्हणून सेक्रेटरी किंचाळले. आकडा थेट अंगठ्यात!

तेवढ्यात दार उघडलं.

दारात बायकोच्या खांद्यावर हात टाकून मास्तर उभे! अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं.

पोस्टमननं भिंत धरली. मास्तरांची नजर फोटोवर गेली आणि तिथेच थांबली.

"अहो, नर्सच म्हणाली, गेले म्हणून!" सेक्रेटरी रडकुंडीला आले.

"गेलोच होतो. टॅक्सीनं. घरी." मास्तर हळूहळू खुर्चीत टेकले. "डॉक्टर म्हणाले, आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही. तीन-चार आठवडे काढाल. म्हटलं, एकदा मंडळात जाऊन यावं."

वहिनींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. सेक्रेटरींना फोटो कुठे लपवावा ते कळेना. त्यांनी तो चक्क पाठीमागे धरला.

मास्तरांनी डेंटिस्टची माशी उचलून उजेडात धरली. "ही बघून मासा आपणहून बाहेर येईल. जीव द्यायला!"

हसावं की रडावं कळेना. मग सगळे दोन्ही करू लागले. मास्तरांनी आधी सेक्रेटरींच्या अंगठ्यातला आकडा काढला आणि मग दोन वाजेपर्यंत शिकवत बसले. मध्येच दम लागायचा, वहिनी पाणी द्यायच्या.

"दोरा ताणून धरा! थरथरायला मला कारण आहे. तुम्हाला काय झालंय?"

निघताना म्हणाले, "दरवर्षी बसत जा असे. मी असो-नसो."

एकोणिसाव्या दिवशी मास्तर वारले.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी माश्या बांधायचा पहिला वार्षिक मेळावा भरवला. गावोगावची तेवीस माणसं आली. वहिनी मास्तरांचा माश्या बांधायच्या सामानाचा डबा घेऊन आल्या. त्यात एक अर्धवट बांधलेली माशी होती. दोरा तसाच लोंबत होता. त्या डब्याला हात लावायचं कुणाचं धाडस होईना. शेवटी सेक्रेटरींनी मन घट्ट केलं, श्वास रोखून ती पुरी केली आणि वहिनींपुढे धरली.

वहिनींनी बराच वेळ ती न्याहाळली. डोळे पुसले.

"ह्यांनी बघितली असती ना..."

"काय म्हणाले असते?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पुन्हा उसवायला लावली असती."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि गुपचूप दोऱ्याचं टोक शोधायला लागले.