पाटीसमोर थांबणारे खैरनार

जयपूरच्या वैशाली नगरात भर बाजारात एखादी गाडी मधेच थांबली, मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला आणि आतला माणूस मान वर करून दुकानाची पाटी वाचतोय असं दिसलं, की ते आमचे शेजारी दत्ता खैरनार. पाटी पटली नाही तर उतरून थेट दुकानात शिरत. एकदा मिठाईवाल्याला म्हणाले, "भाईसाहब, आपके बोर्ड में अक्षरों का दम घुट रहा है." त्याला वाटलं, आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याने घाईघाईने बर्फी बांधून पुढे केली. खैरनारांनी बर्फी घेतली नाही. उलट आठवड्याभरात त्याला नवी पाटी करून पाठवली. फुकट!

माझ्या यजमानांची विमा कंपनीत साताऱ्याहून इकडे बदली झाली तेव्हाची गोष्ट. मी मुलावर ओरडत होते, "अरे, चपला घालून जा!" तर भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, तुम्ही मराठी?" त्या दिवसापासून मी वहिनीच झाले.

खैरनार मूळचे धुळ्याचे. आई-वडील लवकर गेले, काकांकडे मन रमेना, म्हणून मिसरूड फुटायच्या वयात एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर जयपूर गाठलं. एका छापखान्यात झाडलोट केली, मग मशीन शिकले. पुढे भाड्याच्या गॅरेजमध्ये स्क्रीन प्रिंटिंगच्या पडद्यावर शाई ओढून व्हिजिटिंग कार्डं छापू लागले. मी त्यांना ओळखू लागले तोवर सांगानेरला त्यांचा मोठा कारखाना उभा होता. चार रंगांचं मशीन, वातानुकूलित खोलीत संगणकावर बसलेली डिझायनर पोरं, आणि बाहेर चादरी-रजया परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या.

"छापलं की संपलं, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बोललेलं फिरवता येतं. छापलेलं, मतलब, कसं फिरवणार?"

एकदा एका व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमधला लाल रंग जरा भगव्याकडे झुकला. व्यापारी म्हणाला, "चालेल." खैरनार म्हणाले, "मला नाही चालत." माल कुणाचा, पसंती कुणाची, यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी व्यापारी हात जोडून आपलाच माल मागत होता आणि खैरनार गठ्ठ्यावर बसून होते! कॅटलॉग पुन्हा छापला, तेव्हाच उठले.

त्यांची बायको सरिता जयपूरचीच. मोठी प्रेमळ बाई. घरात सगळे हिंदी बोलत. मुलगी नेहा मला "काकू, तुम्ही बैठा ना" म्हणायची आणि लाजून पळायची.

त्या नेहाचं लग्न ठरलं. अर्ध्या शहराच्या पत्रिका छापणारा माणूस स्वतःच्या मुलीची कशी छापतो, याची सगळ्यांना उत्सुकता. नवराबायको आमंत्रणाला आले, तेव्हा सरिताने सुरेख हिंदी पत्रिका हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खैरनार एकटेच आले. दुसरी पत्रिका पुढे केली. मराठीत होती.

"आमचे येथे श्रीकृपेकरून..." मी मनात वाचू लागले.

"मोठ्यानं वाचता?"

मी वाचली. कै. आई-वडिलांची नावं आली तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

"कुणाकुणाला दिल्यात ह्या?" मी विचारलं.

"तुम्हालाच. धुळ्याला आता पाठवण्यासारखं कोण राहिलंय?" मग म्हणाले, "याल ना, वहिनी?"

"येणार म्हणजे काय! आदल्या दिवशीच येते. रुखवत कोण मांडणार?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "रुखवत," स्वतःशीच म्हणाले. "माझी एक ताई होती, तिच्या लग्नात आईनं साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं. मी त्याची कड खाल्ली, म्हणून मार खाल्ला होता."

उठले ते चप्पल अर्धवट पायात सरकवून घरी पळाले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "सरिता, सुनो! भाभीजी रुखवत सजाएँगी."

"वो क्या होता है?"

"रुखवत मतलब..." खैरनार थांबले. "मतलब लड़की के घरवाले..." पुन्हा थांबले. मग सरिताचा हलका आवाज आला, "अरे, रोते क्यों हो? मैं भी सीख लूँगी ना."