हेरॉन्स संघाची पद्धतशीर प्रगती

संघ हरतो तो खेळाडूंमुळे नव्हे, पद्धत नसल्यामुळे. पद्धत आणूनही हरला, तर ती पूर्ण न पाळल्यामुळे. पूर्ण पाळूनही हरला, तर पद्धत जुनी झालेली असते. या तीन प्रकारांबाहेरचा पराभव क्रीडाविज्ञानाला अजून आढळलेला नाही.

इंग्लंडात ब्रॅकनेलच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावातला हेरॉन्स (म्हणजे बगळे) हा व्यावसायिक आइस हॉकी संघ या विज्ञानाची उत्तम प्रयोगशाळा होता. २००४च्या हिवाळ्यात तो लीगमध्ये सगळ्यांत खाली होता. तळाच्या संघाला वगळणार आणि बर्फाच्या रिंकच्या जागी बोलिंग अ‍ॅली उघडणार, असं ठरलं होतं. या बातमीने गावात खळबळ माजली (बूट भाड्याने मिळतील की आपले आणायचे, अशी). खरी झोप उडाली ती फक्त गोलकीपर समर दिघे याची. समर इथेच जन्मला, इथेच वाढला आणि शाळेत असल्यापासून त्याला एकच गोष्ट करायची होती: जाळ्यापुढे उभं राहून अंगावर येणारी रबराची चकती अडवायची.

त्याच्या आईला, सुचेताताईंना, यातलं करिअर दिसत नव्हतं.

"लोक तुझ्या अंगावर वस्तू फेकतात आणि तू त्याचा पगार घेतोस," त्या म्हणत. "सुनीतीचा वेद बघ. ब्रॅकनेलला ऑफिसात बसतो. बसतो!"

"आई, टीम खाली गेला ना, तर मी पण बसेल. प्रॉमिस. तोपर्यंत नो वेद, प्लीज."

त्या दिवसापासून सुचेताताई हेरॉन्सचे निकाल नियमित पाहू लागल्या.

क्लब हातावर हात धरून बसला नव्हता. अध्यक्ष मिस्टर पिकरिंग (यांचं किचन फिटिंगचं शोरूम होतं, त्यामुळे थंड वस्तूंचा अनुभव होता) यांनी दोन वर्षांत चार प्रशिक्षक नेमले.

पहिले ग्लासगोचे मॅकलीश. त्यांची पद्धत 'अंगावर जा'. ती सर्वांनी मनापासून अंगीकारली. मोसमाच्या मध्यावर संघातले साठ टक्के खेळाडू शिक्षा म्हणून बाकावर आणि तीस टक्के हॉस्पिटलात होते. उरलेल्या दहा टक्क्यांचं सांघिक वर्तन सुधारल्याची नोंद आहे.

दुसरे फिनलंडचे यार्मो. त्यांची पद्धत 'थांबा'. मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहायची. दुर्दैवाने पुढच्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचा प्रशिक्षकही फिनलंडचा निघाला. दोन्ही संघ इतके स्तब्ध उभे राहिले, की मध्यंतर झालं असं समजून बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र आत आलं आणि खेळाडूंच्या मधून सफाईने फिरून गेलं. (त्या दिवशीची ती सर्वांत वेगवान चाल होती.)

तिसरे आपल्या पुण्याचे अवधूत. मूळचे सॉफ्टवेअरमधले, गुणवत्ता विभागात. त्यांनी आइस हॉकी पाहिली आणि त्यांना धक्काच बसला: शॉट मारण्याआधी तो कुणी तपासतच नव्हतं! यापुढे प्रत्येक शॉट दुसऱ्या खेळाडूने पाहून 'ओके' म्हणावं, मग मारावा, असं ठरलं. 'ओके' येईपर्यंत चकती बहुधा समोरचा संघ घेऊन जाई. तरीही हेरॉन्सच्या सदोष शॉट्सचं प्रमाण शून्यावर आलं. एकूण शॉट्सचंही आलं, पण तो तपशिलाचा भाग.

चौथे कॅनडाचे ब्रॅड. पद्धत 'रिकामी जागा'. जिथे गर्दी नाही तिथे जायचं. चकतीभोवती नेहमीच गर्दी असल्याने तिच्याकडे कुणी फिरकेना.

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, असं आम्हाला विज्ञानशाखेत शिकवत. क्लब त्याच्या पुढे गेला होता. तो घटक बदलत नसे, वाढवत असे. पद्धतींचे तक्ते चांगले लॅमिनेट केलेले होते आणि पिकरिंगना काही टाकून देववत नसे. त्यामुळे चकती मिळालेल्या खेळाडूने आता अंगावर जायचं, थांबायचं, 'ओके' मिळवायचं आणि रिकाम्या जागी पोहोचायचं होतं. केविन नावाचा एक गुणी खेळाडू हे सगळं एकदम करायला गेला आणि बर्फावर बसून राहिला.

शेवटचा सामना आला. जिंकला तर संघ वाचणार. हरला तर समर ऑफिसात. सुचेताताईंनी वेदला अर्ज आणायला सांगूनही ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी ब्रॅड व्हिसाच्या कामासाठी क्रॉयडनला गेले होते. काम झटपट झालं. बाहेर आले, तर स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रामला तुडुंब गर्दी आणि उलट दिशेची ट्राम रिकामी. ब्रॅड हे तत्त्वाला जागणारे होते. सामना सुरू व्हायच्या वेळी ट्रामच्या दुसऱ्या टोकाहून, न्यू अ‍ॅडिंग्टनहून, त्यांचा फोन आला: "प्रगती उत्तम आहे. खिडकी मिळाली."

खेळाडू समरभोवती जमले. "आज कुठली पद्धत?"

"मला काय माहीत?" समर मास्क चढवत म्हणाला. "मागचं मी बघतो. पुढचं तुम्ही बघा. चकती दिसली की मारा."

"तपासायचं कुणी?" केविनने विचारलं.

"गोल झाला की मी टाळ्या वाजवेन. तेच तपासणं."

हेरॉन्स पाच-एकने जिंकले. तीन गोल केविनचे. समरने इतक्या चकत्या अडवल्या, की प्रतिस्पर्ध्यांचा कप्तान शेवटी त्याला 'सॉरी' म्हणून गेला. लोक नाचले, अनोळखी माणसांना मिठ्या मारू लागले (इंग्लंडात हे नोंदवण्याजोगं आहे).

पिकरिंग मात्र गंभीर झाले. विजय का झाला हे कळत नसेल, तर तो पुन्हा होऊ शकतो. चौकशी समिती बसली. तिचे निष्कर्ष असे: चारही पद्धती अखेर खेळाडूंच्या रक्तात भिनल्या, म्हणून विजय. श्रेय चारही प्रशिक्षकांना प्रत्येकी पंचवीस टक्के (ट्राममधल्या प्रशिक्षकासह). समरचं बोलणं हे विनापरवाना प्रशिक्षण होतं. पण ते परिणामकारक असल्याने त्याची पाचवी पद्धत करण्यात यावी. इतक्या मौल्यवान माणसाला चकतीसमोर उभं करणं यापुढे परवडणार नाही. सबब समरला पद्धती विभागाचा प्रमुख नेमून टेबल, खुर्ची आणि लॅमिनेशनचं यंत्र द्यावं.

"पण मला गोलमध्ये उभं राहायचं आहे," समर म्हणाला.

"हीच तळमळ," पिकरिंग भारावून म्हणाले, "आम्हाला ऑफिसात हवी आहे."

सुचेताताईंनी शिरा केला. त्यांची एकच शंका होती. "खुर्ची फिरती आहे का रे?"

"हो आई," समर म्हणाला. "फिरतो."

ब्रॅड क्लब सोडून गेले. प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्जांचा पाऊस पडला: दंतवैद्य, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, स्लाउचे दोन पाद्री. बर्फावर कधी उभं राहण्याचा प्रसंग आलेला नसूनही प्रत्येकाकडे नेमकी सूचना होती. वाचकहो, तुम्हीही मघापासून मनात म्हणत आहात, की समरने ठाम नकार द्यायला हवा होता. अत्यंत मोलाची सूचना. नोंदवून घेतली आहे, लॅमिनेटही होईल. जाळ्यापुढची जागा मात्र अजून रिकामी आहे. तिच्यासाठी तुमचा अर्ज आलेला दिसत नाही.