वरचा चौकोन, खालचा चौकोन

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, जरा बसा."

मी म्हणालो, "बसायला वेळ नाही साहेब. सव्वाचारची परंडा गाडी आहे, हिला घेऊन निघतो."

डॉक्टरांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाकावर ठेवली. माझी बायको नागू गेली, हे मला असं कळलं.

तुम्हाला वाटेल, हा माणूस समोरच्याचं ऐकून का घेत नाही? अहो, सवय! एकतीस वर्षं मी परंड्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो. माणूस खिडकीपाशी यायच्या आत माझं उत्तर तयार! "कुर्डुवाडी? दोन नंबरला लागलीय, पळा!" एकदा एका म्हातारीला असंच पळवत गाडीत बसवलं. तिला फक्त पाण्याचा नळ कुठं आहे ते विचारायचं होतं. ती कुर्डुवाडीला पाणी पिऊन आली. तेवढं एक सोडलं तर या धनाजीचं उत्तर चुकलं असं कुणी दाखवून द्यावं!

म्हणून तेरावा झाल्यावर नागूचा मोबाइल वाजला आणि त्यावर 'तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत' असं दिसलं, तेव्हा मी चष्मा पुसून सरसावून बसलो. उत्तर ना? मग हे तर आपलंच खातं!

नागूच्या दोन शेळ्या होत्या आणि एक नाद होता. 'विचारा-सांगा' नावाची जनावरं पाळणाऱ्यांची एक वेबसाइट आहे. कुणीतरी प्रश्न टाकतं, बाकीचे लिहितात. दुपारी भांडी झाली की नागू त्यात डोकं घालून बसायची. मला वाटायचं, साड्या बघत असेल.

प्रश्न ढोकीकडच्या वर्षाराणी नावाच्या बाईचा होता. "माझी शेळी दोनदा चौथ्या महिन्यात गाभडली. आता परत गाभण हाय, तीन महिने झाले. सासूबाई म्हणत्यात, ह्या बारीला गेलं तर शेळी बाजारात न्यायची. बाटलीनं दूध पाजून वाढवलीय हो मी तिला. काय करू?"

त्याखाली नागूनं चार गोष्टी विचारल्या होत्या. चारा काय घालता? पाणी कुठलं? डॉक्टरांनी काय सांगितलं? दावणीला तिच्या शेजारी कोण असतं? वर्षाराणीनं चारही सांगितलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "ताई, आता तुमी सांगा." ते लिहिलं त्या दिवशी नागू दवाखान्यात होती.

शेळीतलं मला काही कळत नाही. पण ती बाई वाट बघत बसली असेल, तिला कळवायला तर पाहिजे. पडद्यावर दोन चौकोन होते. वरचा बारका, त्यावर 'टिप्पणी'. खालचा मोठा, त्यावर 'उत्तर'. माणूस गेल्याची बातमी बारक्या चौकोनात लिहितात का? मी मोठा निवडला.

"नागूबाई वारल्या. मी त्यांचा मालक."

मिनिटभरात खाली लाल खूण! "हे उत्तर नाही. टिप्पणीत लिहा. – शरणप्पा, नियामक."

मला राग आला. मी परत मोठ्या चौकोनात लिहिलं, "माणूस गेलं, हे उत्तर नाही तर काय आहे?" पुन्हा लाल खूण!

तोवर लोक यायला लागले. नागूला ओळखणारे एवढे लोक असतील, हे मला काय ठाऊक! उदगीर, भूम, जामखेड. कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं, कुणी समई. सगळ्यांनी माझं बघून खालच्याच चौकोनात टाकलं. आता दारात सांत्वनाला माणूस आलं की आपण काय करतो? सतरंजीवर बसवतो आणि कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो. आधीच्याला सांगितलं म्हणून पुढच्याला टाळत नाही. मीही टाळलं नाही. आलेल्या प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं. "सकाळी चांगली होती. अर्धा कप चहा घेतला. मग भिंतीला टेकून बसली. दम लागला. दुपारपर्यंत संपलं."

संध्याकाळपर्यंत एका शेळीच्या प्रश्नाखाली त्रेपन्न उत्तरं झाली!

मग सिदू नावाचा कुणी एक जण आला. त्यानं माझं शेवटचं उत्तर तेवढं वाचलं आणि लगेच लिहिलं, "शेळीला चहा पाजणे हेच मुख्य कारण! चहा ताबडतोब बंद करा."

त्याला बासष्ट जणांनी पसंती दिली! जास्त पसंती मिळेल ते उत्तर तिथं सगळ्यांत वर चढतं. दुसऱ्या दिवशी साइट उघडली तर पहिल्या पानावर तेच. खाली वाद पेटलेला. एक म्हणतो, गुळाचा चहा चालतो. दुसरा म्हणतो, दूध घालू नका. आणि बिचारी वर्षाराणी सगळ्यांच्या हातापाया पडतेय, "अहो, मी शेळीला चहा पाजत न्हाय हो! सासूबाईंनी हे वाचलं. कालपास्नं माझा चहा मोजून करायल्यात!"

तेवढ्यात फोन वाजला. "काका, मी शरणप्पा बोलतोय, उमरग्याहून. काय चालवलंय की हो हे?"

"तुम्हीच सांगा. मी बातमी दिली तर लाल खूण, आणि तो चहावाला सगळ्यांत वर?"

"अहो, तेच सांगतोय की! वरचा चौकोन विचारायला. खालचा सांगायला. समजलं नसेल तर वर विचारायचं. समजल्याशिवाय खाली उतरायचं नाही."

"मला शिकवू नका. एकतीस वर्षं उत्तरं दिलीत मी."

"व्हय काका. आणि प्रश्न किती विचारलाव?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाईंचं खातं उघडून बघा," तो म्हणाला. "चार वर्षांत उत्तरं सत्तावीस. टिप्पण्या चौदाशे. आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो की. लई चांगल्या होत्या." मग त्यानं फोन ठेवला.

चौदाशे! मी सगळ्या वाचायला बसलो, चार दिवस लागले. कधीपासून? किती वेळा? आधी असं झालं होतं का? चालताना की बसल्यावर? अशीच चौकशी, अनोळखी माणसांच्या जनावरांची.

नागू मला श्रावणात म्हणाली होती, "जिना चढताना दम लागतोय."

मी म्हणालो होतो, "पित्त असेल."

कधीपासून, ते मी विचारलं नाही. थेट खालच्या चौकोनात.

त्यानंतर मी माझी सगळी उत्तरं एकेक करून पुसली. वरच्या चौकोनात वर्षाराणीची माफी मागितली आणि नागूचे चार प्रश्न पुन्हा वाचले. पहिले तीन माझ्यासारख्यालाही समजले. चौथ्याचं नवल वाटलं. शेजारी कोण असतं, याच्याशी गाभाचा काय संबंध? वर्षाराणीनं उत्तर दिलं होतं, "थोरली शिंगाळी शेळी."

आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर न देता विचारलं, "थोरली तिला शिंगांनी ढुसण्या देते का?"

"देती की. वैरण टाकली की पोटातच घालती."

"आधी दोन्ही वेळेला शेजारी तीच होती?"

तिचं आलं, "व्हय काका. तीच हुती."

माझा हात खालच्या चौकोनाकडं गेला होता. मी तो मागं घेतला आणि वरच लिहिलं, "थोरलीला दुसरीकडं बांधून बघता का? आणि डॉक्टरांना हे सांगता का?"

मिनिटभरात लाल खूण! "ही टिप्पणी नाही. हे उत्तर आहे. खाली लिहा. – शरणप्पा."

त्याला एक महिना होत आला. थोरली आता गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला असते. डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले. शेळीला चौथा महिना सरून पाचवा लागलाय, अजून सगळं ठीक आहे. वर्षाराणी रोज एक ओळ लिहिते, मी रोज एक प्रश्न विचारतो. शरणप्पा रोज लाल खूण करतो, "खाली लिहा."

नागू हेच सांगणार होती की दुसरं काही, ते मला माहीत नाही. शेळी अजून व्यायची आहे. खालच्या चौकोनात मी अजून काही लिहिलेलं नाही.