तिसऱ्या मजल्यावरचा गोठा

हिलेवीच्या टेबलावरचा संगणक सकाळपासून दुसऱ्याच एका संगणकाचं सोंग घेऊन बसला होता, आणि ते सोंग काही केल्या उभं राहत नव्हतं.

सोंग तसं साधं नव्हतंच. हेनिंग नावाच्या त्यांच्या गिऱ्हाईकाचा गाईंचं दूध काढणारी यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. नव्या यंत्रात बसायची चिप अजून जन्माला यायची होती, पण तिच्यावर चालणारी युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम हेनिंगला आत्ताच डोळ्यांनी पाहायची होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. म्हणून हिलेवीने सिम्युलेटर लिहिला होता. चिप नकली, मेमरी नकली, घड्याळ नकली, नेटवर्कची वायरसुद्धा नकली. पण सगळं इतकं हुबेहूब की आत चालणाऱ्या सिस्टिमला आपण खऱ्या यंत्रावर नसून स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या एका बाईच्या प्रोग्रॅमवर उभ्या आहोत, याचा जन्मात पत्ता लागू नये.

या हुबेहूबपणामुळे सिम्युलेटर गोगलगायीच्या गतीने चालायचा. सिस्टिम उठता उठता मध्येच म्हणायची, “पंपाची वाट पाहते, अर्धा मिनिट थांबा.” तिचा अर्धा मिनिट म्हणजे बाहेर लोकांचं जेवण होऊन जायचं.

“तिला जरा घाई कर म्हणावं,” साहेब स्टेलान तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला.

“तिला कुठे माहीत आहे उशीर होतोय ते? तिच्या घड्याळात आत्ताच कुठे उजाडलंय.”

“माझ्या घड्याळात हेनिंग कॉफीनंतर येतोय. सिस्टिम उठून उभी राहिली तर ठीक. नाहीतर हा सिम्युलेटर आजच बंद, आणि सोमवारपासून तू पार्किंग विभागात.”

पार्किंग विभाग म्हणजे रस्त्यावरच्या खांबांमधून निघणारी पावती अडकू नये म्हणून प्रोग्रॅम लिहिणं. तिथे गेलेला माणूस जेवताना फक्त पावत्यांबद्दल बोलतो. हिलेवीने या सिम्युलेटरवर तीन वर्षं घालवली होती आणि तो तिला पोटच्या पोरासारखा होता.

साहेब गेल्यावर तिने एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली. हेनिंगने एका खऱ्या गोठ्याची सगळी माहिती जशीच्या तशी उचलून दिली होती. त्यात साठ गाईंची नावं होती, आणि गाईंची आबाळ झाली तर निरोप कुणाकुणाला धाडायचा ते खरे फोन नंबरही होते. नकली वायर जोडली की आतले निरोप बाहेरच्या खऱ्या नेटवर्कवर जात, म्हणून तिने आधी ती काढून टाकली. उगाच बाहेर काही जायला नको.

“वायर काढलीस ना गं?” शेजारच्या टेबलावरून टूरेने विचारलं. टूरे त्या कचेरीतला सगळ्यांत जुना माणूस आणि त्याला सरळ उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहायचा.

“काढली रे बाबा.”

मग सिस्टिम मध्येच अडकली. अशा वेळी सिम्युलेटरवाले डोकं फोडत बसत नाहीत. त्यांनी जुने क्षण जतन करून ठेवलेले असतात. त्यातला एक बरा क्षण उचलायचा आणि तिथून पुन्हा सुरुवात करायची, झालंगेलं आतल्या कुणालाच आठवत नाही. देवाने ही सोय माणसाला दिली असती तर निम्मी लग्नं टिकली असती. हिलेवी गुरुवारच्या क्षणावर परत गेली. आता गुरुवारी ती वायर जोडलेलीच होती, त्यामुळे ती पुन्हा जोडली गेली. पण आपण वायर काढलीय हे हिलेवीला पक्कं आठवत होतं. घात झाला तो तिथे.

दुसरं तिने केलं ते घाईपोटी. सिम्युलेटरमध्ये ‘रिकामा वेळ गाळा’ अशी एक सोय होती. आतली सिस्टिम नुसती हातावर हात धरून बसलेली दिसली, की तिच्या घड्याळाचे काटे पुढे ढकलायचे. हिलेवीने ती सोय चालू केली. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे खोळंबे क्षणात सरले आणि पडद्यावर ‘लॉगिन’ ही अक्षरं उमटली.

“उठली! टूरे, उठली रे!”

“छान. चल, केक कापायचाय.”

त्या दिवशी टूरेला साठ वर्षं पूर्ण झाली होती.

दुपारच्या कॉफीला त्या कचेरीत कुणी फोन घेऊन जात नसे. स्टेलानने स्वतः तसा नियम केला होता. सगळे टेबलाभोवती बसले. हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा, भलाथोरला केक होता, त्यावर गुलाबी फूल. केक भराभर संपत आला आणि ताटात एकच तुकडा उरला.

आता शेवटचा तुकडा उचलणारा माणूस स्वीडनमध्ये अजून जन्माला यायचाय. आणि साठीच्या माणसाचा केक ताटात टाकून उठून जाणारा त्याहून निर्लज्ज.

“टूरे, तू घे. तुझाच दिवस आहे.”

“छे छे, मी दोन खाल्ले. हिलेवी, तू घे, आज तुझी परीक्षा आहे.”

“मी अर्धाच घेते.”

तिने अर्धा घेतला. उरलेल्याचा अर्धा स्टेलानने घेतला. उरला त्याचा अर्धा हिशेब विभागातल्या बाईने घेतला. “किती छान झालाय,” असं म्हणत सगळे उरलेल्या इवल्या तुकड्याकडे बघत बसले. मग हवामानावर बोलणं झालं. मग कुणीतरी सुरी पुसून त्या तुकड्याचेही दोन भाग केले.

इकडे तिच्या टेबलावर सिस्टिम रिकामी बसली होती. तिला काम एकच होतं, गाई आल्या की दूध काढणं. गाई येईनात. काटे पुढे ढकलले जात राहिले. केकचा पहिला अर्धा संपला तेव्हा आत आठवडा उलटला होता. हवामानावर बोलणं आटोपेपर्यंत पानगळ लागली. सिस्टिम बिचारी प्रामाणिक. साठ गाईंची धार निघाली नाही म्हणताच तिने आधी मेकॅनिकला कळवलं, मग डॉक्टरला, आणि कुणीच दाद देईना तेव्हा जनावरांच्या निगराणीच्या सरकारी कचेरीला.

दार ढकलून आत आला तो गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला मेकॅनिक.

“यंत्र कुठाय? तासभर फोन करतोय, एक जण उचलेल तर शपथ!”

“कसलं यंत्र?” स्टेलानने विचारलं.

त्याच्या मागोमाग गुरांची डॉक्टरीण आली. तिने एका हातात खांद्यापर्यंतचा हातमोजा आधीच चढवला होता. “जनावरं कुठे बांधलीत?”

“अगं, हे ऑफिस आहे!”

“ते दिसतंय मला. साठ गाई लिफ्टने वर चढवल्यास कशा, तेवढं सांग.”

हिलेवी खुर्ची पाडून पळाली. पडद्यावर निरोपांची रांग लागली होती आणि आतल्या कॅलेंडरात नाताळसुद्धा होऊन गेला होता. तिने पडद्यावर नकली वायर तपासली, ती जोडलेलीच होती, आणि डोक्याला हात लावला.

“पत्ता कुणी दिला इथला?” मागून स्टेलान ओरडला.

“मी,” टूरे म्हणाला. “सिस्टिम बसवताना भरायच्या फॉर्ममध्ये, यंत्र कुठे बसवलंय असा रकाना होता. तिसरा मजला लिहिलं. गाईंचा पालक कोण असंही विचारलं होतं. तिथे तुझं नाव घातलं.”

“माझं? का?”

“जागा तुझ्या ताब्यात आहे. खोटं कसं लिहायचं?”

एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि त्यातून हेनिंग बाहेर पडला. त्याच्या शेजारी एक उंच, करड्या केसांची बाई होती. दोघं खालून एकत्रच आले होते, आणि वाटेत तिने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण हेनिंगचा चेहरा दुधासारखा पांढरा पडला होता.

“मी सोल्वेग, जनावरांच्या निगराणीकडून,” बाई म्हणाली. “स्टेलान कोण? तू? साठ गाई, सात महिने धार नाही. इतकं वाईट प्रकरण मी नोकरीत पाहिलेलं नाही.”

“अगं, गाई नाहीतच! या पोरीने संगणकात चालवलेला खेळ आहे हा!” स्टेलान लालबुंद झाला. हेनिंगकडे बघून तो आणखी लाल झाला. “झाली तेवढी शोभा पुरे. हिलेवी, बंद कर ते. कायमचं. नाहीतर मीच करतो.”

त्याने हात पुढे केला. हिलेवीने डोळे मिटून घेतले. तिला पार्किंगचे खांब दिसायला लागले.

“हात मागे घे,” सोल्वेग म्हणाली.

“काय?”

“साठ जनावरं आमच्याकडे नोंदली गेलीत, तुझ्या नावावर. पहिला निरोप आला तेव्हाच. आता नोंदीतून गाय बाहेर पडते ती तीनच वाटांनी. विकली, मेली, नाहीतर कापली. ‘मुळात नव्हती’ ही वाट आमच्या संगणकात नाही.”

“मग कापल्या असं लिही!”

“त्याला परवानगी लागते. अर्ज दे. पण आता उन्हाळा आलाय, माणसं सुटीवर जातील. बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर रोज धार काढायची. पालकाने हाकेच्या अंतरावर राहायचं. आणि उन्हाळ्यात गाईंना चरायला बाहेर सोडणं हा कायदा आहे, तुला माहीतच असेल.”

“चरायला? कुठे?”

सोल्वेगने हिलेवीकडे पाहिलं. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. “गवत करता येतं का तुला?”

“येतं,” हिलेवी म्हणाली. तिने त्याआधी आयुष्यात गवताचं पातं केलं नव्हतं.

मग तिने कॉफीच्या आधीचा क्षण उचलला, या वेळी वायर काढलीय याची टूरेकडून दोनदा खात्री करून घेतली, ‘रिकामा वेळ गाळा’ बंद केलं, आणि गाई आणून सोडणारा छोटा प्रोग्रॅम चालू केला. साठच्या साठ गाई एका रांगेत येऊन दूध देऊन गेल्या. सात महिन्यांची उपासमार कुणाला आठवतही नव्हती. “तब्येत सुधारलेली दिसते,” सोल्वेग म्हणाली. डॉक्टरणीने हातमोजा काढला.

हेनिंगच्या तोंडावर रंग परतला, आणि मग तो खो खो हसत सुटला. “बारा वर्षं यंत्रं विकतोय मी. निरोप गेल्यावर कुणी धावत आलंय, असं आज पहिल्यांदा पाहिलं! उन्हाळ्याचा खर्च माझा. पुढचं शरदात ठरवू.”

“पुढचं काही नाही,” स्टेलान दात खाऊन म्हणाला. “परवानगी आली की त्याच दिवशी बंद.”

जुलै लागला आणि देश रिकामा झाला. हिलेवी तळ्याकाठच्या आपल्या लाकडी घरी गेली. टूरे बोट घेऊन बेटांवर गेला. कचेरीत उरला तो एकटा स्टेलान, कारण पालक तो होता.

पहिल्या आठवड्यात त्याचे फोन आले ते नुसत्या शिव्यांचे. “मी इथे गाई राखतोय, आणि तू पोहतेस!” दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, “चौदा नंबरची आज उशिरा आली. असं करते का ती नेहमी?” मग एक दिवस म्हणाला, “त्या मायरोस गाईला डावीकडचं गवत आवडतं. बाकीच्यांना कळतच नाही.”

त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. मग आला तो दोन ओळींचा संदेश. ‘परवानगी मिळाली. उद्या सकाळी बंद करतो.’

हिलेवी रात्रभर तळमळली. मायरोसवर कितीही जीव जडला तरी स्टेलान शब्दाचा पक्का, हे तिला ठाऊक होतं. सकाळी ती लॅपटॉप घेऊन तळ्याच्या धक्क्यावर जाऊन बसली. पाय पाण्यात सोडले आणि तिथूनच कचेरीतल्या सिम्युलेटरमध्ये, त्यातल्या सिस्टिममध्ये, मालकाच्या अधिकाराने शिरली. गाईंची यादी उघडली. मायरोसच्या ओळीत एका ठिकाणी ‘नाही’ होतं, त्याचं तिने ‘होय’ केलं.

थोड्याच वेळात फोन वाजला.

“हिलेवी, घोटाळा झालाय. मायरोस गाभण आहे!”

“अगंबाई!”

“सोल्वेगला विचारलं. गाभण गाईला ती परवानगी लागू नाही म्हणाली. वासरू होईपर्यंत थांबा.”

“म्हणजे नऊ महिने? अरेरे, स्टेलान!”

“अरेरे काय? अख्खा हिवाळा गाभण अवस्थेत काढायचाय तिला! तुझ्या त्या गोठ्यात ऊब आहे का?”

“नाही रे. तेवढं लिहायचं राहिलंय.”

“मग लिही की! माणसं किती लागतील ते कळव, मंजुरी मी देतो. आणि पार्किंगचं काय ते डोक्यातून काढून टाक, तिथे दुसरं कुणीतरी जाईल.”

हिलेवीने फोन ठेवला, लॅपटॉप मिटून सावलीत सरकवला आणि पाण्यात उतरली. साठ गाईंच्या त्या गोठ्यात एकही बैल नव्हता, पण ते अजून तरी कुणी विचारलं नव्हतं.